दारातला खोकला

विद्यापीठात गुन्हे करायला एक पगारी माणूस ठेवलेला होता. रसायनशास्त्राच्या इमारतीमागे, सायकलींच्या शेडला लागून न्यायसहायक विज्ञानाचा विभाग होता. गुन्ह्याच्या जागी काय शोधायचं, कसं उचलायचं, कशात भरायचं आणि वर काय लिहायचं, हे तिथे दोन वर्षं शिकवत. आता हे शिकवायचं तर गुन्हा झालेली जागा हवी, आणि शहरातले गुन्हे काही वेळापत्रक बघून होत नाहीत. म्हणून तळमजल्यावर एक खोटी खोली होती. पलंग, टेबल, कपाट, सतरंजी, खिडकीला पडदा, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. या खोलीत दर सोमवारी सकाळी चोरी, मारामारी नाहीतर खून करून ठेवायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळा विभाग गुन्हेगारकाका म्हणायचा. कागदोपत्री ते प्रयोगशाळा सहायक होते, पण ते नाव पगारपत्रकापलीकडे कोणी वाचलेलं नव्हतं.

नवी तुकडी आली की विभागप्रमुख बाई ओळख करून द्यायच्या, "हे आमचे गुन्हेगार. सव्वीस वर्षं झाली, अजून सापडत नाहीत." पोरं हसायची. काकाही दरवर्षी नव्याने हसायचे, कारण विनोद बाईंइतकाच ज्येष्ठ होता आणि दोघांचाही मान राखावा लागे.

काकांचा हात मात्र या कामात खरोखर बसलेला होता. काच कुठून फोडली म्हणजे तुकडे आत पडतात, पलंगावर ढकललेल्या माणसाकडून चादर कशी ओढली जाते, घाईत उघडलेल्या कपाटाचं दार किती अंशात लटकतं, हे त्यांना पुस्तक न उघडता कळायचं. ठसे स्वतःचेच उमटवायचे. शहरातल्या निम्म्या तज्ज्ञांनी पहिला ठसा उचलला तो काकांच्या उजव्या अंगठ्याचा. खाटकाकडून बाटलीभर रक्त आणून ते फरशीवर सांडायचे, वाळू द्यायचे आणि मग ओल्या फडक्याने पुसून काढायचे. मुलांनी खिडक्या बंद करायच्या, औषध फवारायचं, की अंधारात पुसलेली जागा निळसर उजळून यायची. प्रत्येक तुकडी इथे "आई गं" म्हणायची. आणि मग वहीत लिहायची, की आरोपीने पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न केला. सव्वीस वर्षांत दुसरं काही लिहायची वेळच आली नव्हती, कारण सांडणारे काका आणि पुसणारेही काकाच.

एकदा, फार पूर्वी, त्यांच्या डोक्यात आलं होतं की एखादी खोली अशी लावावी, जिच्यात काहीच घडलेलं नाही. नुसती राहती खोली. पसारा असलेली, डाग पडलेली, पण निरपराध. बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "काका, पण मग मार्क कशाला द्यायचे?" काका "तेही खरंच" म्हणाले आणि फडके धुवायला गेले. पुन्हा विषय काढला नाही. त्या दिवशी जरा चिकाटी धरायला हवी होती, असं पुढे त्यांना कितीतरी वेळा वाटलं, पण तो मुद्दा पुढचा.

या खोलीत भिंग आली ती काकांच्या नोकरीच्या अठराव्या वर्षी. तिचं स्वतःचं असं नाव होतंच, पण पहिल्याच आठवड्यात तिने दोरी ओवून एक भिंग गळ्यात अडकवलं आणि दोन वर्षं काही ते काढलं नाही, म्हणून ती भिंगच झाली. अभ्यासाला अशी, की पुस्तकाचं पान तोंडपाठ. रक्ताच्या थेंबाचा कोन विचारा, धाग्याचा पीळ विचारा, फाडफाड उत्तर. खोलीत सोडली की मात्र तिचं अवसान गळायचं. डोळ्यांसमोरची वस्तू दिसायची नाही. टेबलाखालचं बटण सोडून ती टेबलाचीच लांबी मोजत बसायची.

खोलीची परीक्षा अशी असे. पाच पुरावे लपवलेले, चाळीस मिनिटं, निदान तीन तरी सापडायला हवेत. बाहेरगावचे परीक्षक कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून डुलक्या घेत. काका दारात उभे, हातात हजेरीचं पुस्तक. दारातल्या माणसाने बोलायचं नाही, हा नियम. भिंग पहिल्या वेळी नापास झाली, एक सापडला. दुसऱ्या वेळी दोन. त्या दिवशी ती सामानाच्या खोलीत फडक्यांच्या बादलीशेजारी बसून रडली.

"दादा म्हणतो, आता एकदाच. नाही झालं तर बास, घरी बस," ती म्हणाली. "काका, मला सगळं येतं हो. दिसत तेवढं नाही."

काकांना स्वतःला शिकायचं होतं आणि ते झालं नव्हतं. दुसऱ्याच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षं रक्त पुसणाऱ्या माणसाला ही असली वाक्यं सहन होत नाहीत. काकांनी तिला पाणी दिलं आणि फडके पिळायला घेतले.

आता खोकल्याचं. ठसे उठवायची काळी पूड फार हलकी असते. ब्रश फिरला की हवेत उडते आणि नाकातोंडात जाते. काकांचा घसा त्या पुडीने कायमचा खवखवता झालेला होता. दुसऱ्या परीक्षेत भिंग खिडकीपाशी असताना काकांना सहज खोकला आला, ती थबकली, मान वर केली आणि खिडकीच्या कडीला अडकलेला धागा तिला दिसला. तो योगायोगच होता. तिसऱ्या वेळी योगायोग नव्हता. ती कपाटापाशी आली तेव्हा काका खोकले. सतरंजीच्या डाव्या कोपऱ्यावर पाय पडला तेव्हा खोकले. पुसलेल्या फरशीवरून ती पुढे निघाली तेव्हा तर असे खोकले की परीक्षक जागे झाले आणि म्हणाले, "काका, औषध घ्या." भिंगला चार पुरावे सापडले. त्या वर्षी खोलीच्या परीक्षेत तिचा तिसरा नंबर होता.

या गोष्टीचा दोघांनी एकमेकांपाशी कधी उच्चार केला नाही. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती आली आणि घशाच्या गोळ्यांचं एक पाकीट काकांच्या हातात ठेवून गेली. पुढे तिला शहराच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. एखाद्या घरात काही घडलं की पोलिसांबरोबर जाऊन ती जागा तपासायची, तीच जिच्या डोळ्यांना बटण दिसत नव्हतं. दरवर्षी ती काकांना भेटायला यायची. दरवर्षी गोळ्यांचं पाकीट. काका ते टेबलाच्या खणात ठेवायचे आणि मनातून फुगायचे. आपल्या हातून एका पोरीचं भलं झालं, असं ते बायकोलाही सांगायचे. कसं झालं, ते गाळून.

काका राहायचे ती इमारत तीन मजली. खालच्या मजल्यावर शिंपी, त्यांना सगळे मास्तर म्हणत. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. मास्तर आणि त्यांची बायको, दोघंच. दोघांचं भांडण सगळ्या इमारतीला पाठ होतं. विषय एकच असायचा, तागे वर फळीवर ठेवायचे की खाली. मास्तर ओरडायचे, ती त्याहून वर आवाज चढवायची, आणि अर्ध्या तासाने दोघं एकाच मशीनवर वाकून कुणाच्यातरी बाह्या लावत बसलेली असायची. काकांची बायको म्हणायची, "त्यांचं भांडण थांबलं तर मला दुपारची झोप येणार नाही."

एका दुपारी ते थांबलं. मास्तरांची बायको स्टुलावर चढून फळीवरचा तागा काढत होती, स्टूल कलंडलं आणि तिचं डोकं मशीनच्या लोखंडी पायावर आदळलं. मास्तरांच्या हाकेसरशी काकांची बायको खाली धावली, बाकीची मंडळी जरा वेळाने आली. मास्तर कोण आलं ते न बघताच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आणायला पळाले होते. डॉक्टर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. डोक्याला जखम, तरुण नसली तरी धडधाकट बाई, घरात नवरा एकटा. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं.

काकांना त्या दिवशी अर्धी सुट्टी होती. ते जिन्यापाशी पोचले तर पोलीस अधिकारी साक्षीदार म्हणून उभं राहायला दोन माणसं शोधत होता. "तुम्ही विद्यापीठातले ना? मग आमच्यातलेच. या." दुसरा समोरचा घड्याळवाला मिळाला. काका मास्तरांच्या दारात उभे राहिले, आणि आत खोली तपासत होती भिंग.

तिने काकांकडे बघून जेमतेम मान हलवली, कामावर होती ना. काकांना मात्र हायसं वाटलं. आपली पोरगी आहे, नीट बघेल. तिने फोटो काढले, स्टूल मोजलं, फळी मोजली, मशीनवर पूड फिरवली. मशीनवर एक चौकटीचा शर्ट पडला होता, कॉलर उसवलेली. तो तिने पाकिटात भरला आणि सहीला पुढे केला. काकांनी बघितलं तर तो त्यांचाच शर्ट. कॉलर उलटवायला बायकोने मास्तरांकडे दिलेला. सांगायला त्यांचं तोंड उघडलंही, पण दारातल्या माणसाने बोलायचं नाही ही सवय सव्वीस वर्षांची. मागाहून सांगू म्हणून त्यांनी सही केली.

भिंगचं काम संपत आलं होतं. तिने वहीत "स्टुलावरून पडून" असं लिहिलेलं काकांना दारातून दिसलं. पेटी बंद करायला ती मशीनला वळसा घालून निघाली. खोलीभर काळी पूड तरंगत होती. काकांच्या घशात ती गेली आणि ते खोकले. मुद्दाम नाही, देवाशपथ मुद्दाम नाही. घसा खवखवला म्हणून खोकले.

भिंग जागच्या जागी थांबली. तिने काकांकडे बघितलं, अगदी तसंच, जसं ती परीक्षेत बघायची. मग पायाखाली बघितलं. खाली वाकली. पेटी पुन्हा उघडली. खिडक्यांना काळं कापड लावायला सांगितलं, दार लोटून घेतलं आणि औषध फवारलं. मशीनच्या पायापासून थेट मोरीच्या दिशेने फरशी निळी उजळली. रुंद, अर्धगोल, फडक्याचे फराटे. घड्याळवाला "अरे देवा" म्हणाला. आणि सांगायला लाज वाटते, पण काकांच्या मनात पहिल्यांदा आलं ते "शाब्बास."

आता बघा. डोक्याला जखम आणि फरशीवर थेंब नाही, हे तिला पहिल्याच मिनिटाला खुपायला हवं होतं. काकांनाही. मोरीजवळच्या दोरीवर एक धुतलेला फडका वाळत होता, झटकून, कोपऱ्यावर कोपरा ठेवून, दोन्ही चिमटे आतल्या बाजूला. काकांनी तो बघितला. असे चिमटे आतल्या बाजूला लावणारी सबंध इमारतीत एकच बाई होती आणि तिच्या दोऱ्या काका सव्वीस वर्षं बघत आले होते. तरी त्यांना काही सुचलं नाही.

मास्तरांना अधिकाऱ्याने विचारलं, "पुसलं कोणी?"

"कोणी नाही. मी होतं तसं टाकून पळालो," मास्तर म्हणाले. ते खरंच बोलत होते. त्यांना तेवढंच माहीत होतं.

काका वर गेले. बायको खिडकीशी बसली होती, हात मांडीवर, बोटं ओलसरच. काकांनी शाबासकीच्या सुरात सांगायला सुरुवात केली, की आपल्या भिंगने काय शोधून काढलं. बायकोने पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"अहो, ते मी पुसलं."

"काय?"

"मी पुसलं. मास्तर डॉक्टरांकडे गेले तेव्हा. चार माणसं येणार, तिला तशी कशी पडू द्यायची? तोंड पुसलं, फरशी पुसली, फडका धुऊन टाकला. किती नीटनेटकी होती ती."

काका पलंगावर बसले.  गुन्ह्याच्या जागेला हात लावणं हाच गुन्हा, हे वाक्य त्यांनी दर वर्षी स्वतः खडूने फळ्यावर लिहिलं होतं. आणि ही त्यांची बायको. उद्या तिला चौकीवर बसवतील, तासन् तास तेच तेच विचारतील. विभागात हसतील. नोकरीचं सव्वा वर्ष उरलेलं.

"कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "विचारलं तर म्हण, बाकीच्यांबरोबर गेले."

"पण मास्तर..."

"तपासणीत सगळं निघेल. तज्ज्ञ आहेत ना ते. एवढं कळणार नाही का त्यांना?"

हे बोलणारा माणूस कोण, तर त्या तज्ज्ञांपैकी एकीला स्वतः खोकून पास केलेला. सगळ्या जगात एकट्या काकांना ठाऊक होतं, की भिंगला दिसत नाही. त्या क्षणी तेवढंच ते विसरले, की त्यांनी सोयीने विसरून घेतलं, हे त्यांना पुढे स्वतःलाही ठरवता आलं नाही.

पोलिसांनी विचारल्यावर बायकोने तसंच सांगितलं. मास्तरांना घेऊन गेले. शवाच्या तपासणीत निघालं, की जखम पडूनही होऊ शकते आणि मारूनही. भांडणं सगळ्या इमारतीने ऐकलेली. आणि फरशी पुसून "पुसली नाही" म्हणणारा नवरा. भिंगने अहवाल लिहिला, की पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न झाला. काकांच्या खोलीत शिकली होती तसाच, शब्दाला शब्द.

शर्टाचं विचारायला पोलीस आला तेव्हा काकांनी ताडकन सांगितलं, "हो, माझाच. कॉलरसाठी दिला होता." तेवढं खरं बोलल्यावर त्यांना आठवडाभर जरा बरी झोप लागली. माणूस स्वतःची समजूत किती थोडक्यात काढतो.

नऊ महिने मास्तर आत होते. दुकानाच्या दारावर लाखेचं सील. काका जाता-येता जिन्याच्या कठड्याकडे बघत चालायचे. घरात बायको बोलेनाशी झाली. भांडली असती तर बरं होतं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि कपडे दोरीवर कसेही टाकायची, ओढून, चिमट्यांशिवाय. काका ते बघायचे आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे. रोज ठरवायचे, उद्या जाऊन सांगू. पण पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती चूक ठरली असती. आता महिना झाला, आता तीन झाले, आता तो खोटेपणा झाला, त्याला जबाबदार आपण. जितका उशीर तितकी जीभ जड.

दहाव्या महिन्यातल्या एका सकाळी बायकोने बाहेर जायचे कपडे घातले.

"जाऊन येते," ती म्हणाली.

कुठे, हे काकांनी विचारलं नाही. तिच्याबरोबर उठलेही नाहीत. यापरता पस्तावा त्यांना दुसऱ्या कशाचा झाला नाही. बाकी सगळ्याला काहीतरी कारण तरी देता येत होतं.

तिने सगळं सांगितलं. त्यांनी तिला दिवसभर बसवलं, तेच तेच विचारलं, काका घाबरत होते अगदी तसंच. तिने भीतीचं कारण दिलं आणि नवऱ्याचं नाव घेतलं नाही. मग तिच्या बोटांचे ठसे घेतले. मास्तरांच्या मोरीतल्या बादलीच्या कडीवर सापडलेला एक ठसा भिंगच्या अहवालात "अनोळखी" म्हणून पडून होता, तो जुळला. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे ठसे आधी घ्यावेत, म्हणजे त्यांना वगळता येतं, हा पहिल्या सत्रातला तिसरा धडा. काकांच्या खोलीत शेजारी नव्हते, म्हणून तो नुसता पुस्तकातूनच शिकवला जायचा. पंधरवड्यात मास्तर सुटले.

मग एक दिवस भिंग विभागात आली. हातात गोळ्यांचं पाकीट नव्हतं. काका सामानाच्या खोलीत काचा वेगळ्या करत होते. ती त्याच बादलीशेजारच्या स्टुलावर बसली.

"काका, त्या दिवशी तुम्ही का खोकलात?"

"घसा खवखवला गं. पूड गेली."

"नुसती पूड?"

"नुसती पूड."

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला काहीतरी दिसलंय. बाई पडूनच गेली, असं मी लिहून टाकलं होतं काका. खोडलं."

काका काचेचे तुकडे उगाच या डब्यातून त्या डब्यात टाकत राहिले.

"आणि तिसऱ्या वेळेला? परीक्षेत?"

इथे खोटं बोलता आलं असतं. पोरीच्या भल्यासाठी बोलावंही, असं क्षणभर वाटलं. पण भल्यासाठी केलेल्या गोष्टींची त्यांना आता धास्ती बसली होती.

"तेव्हा मुद्दाम," ते म्हणाले.

"म्हणजे मी पास झालेच नाही."

"असं नाही गं..."

"सात वर्षं काका. किती खोल्यांत गेले असेन मी? तिथे तर दारात तुम्हीही नव्हता." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "मला नापास होऊ द्यायचं होतंत. दादा ओरडला असता, घरी बसले असते, दुसरं काहीतरी शिकले असते."

तिने जागा तपासायचं काम सोडून प्रयोगशाळेच्या भांडारात बदली मागून घेतली होती. पाकिटांवर नंबर घालायचं काम. ते मला जमतं, म्हणाली. जाताना तिने काकांना वाकून नमस्कार केला, आणि काकांना वाटलं, त्यापेक्षा हिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या परीक्षेला काकांनी बाईंना न विचारता खोली लावली. पलंग, टेबल, कपाट. काच फोडली नाही, रक्त सांडलं नाही. चहाचा कप विसळून पालथा घातला, फरशी पुसली, फडका वाळत टाकला. बावीस मुलं एकेक करून आत गेली. एकवीस जणांनी खून शोधून काढला. एकीने पान कोरं ठेवलं आणि बाहेर येऊन रडली, आपण नापास झालो म्हणून. बाई संतापल्या, परीक्षा पुन्हा घ्यावी लागली, आणि काकांच्या निरोपसमारंभाला त्या नेहमीचा विनोद विसरल्या.

मास्तर परत येऊन चार महिने झाले होते. दुकान उघडलं होतं, एकच मशीन चालू होतं, आणि तागे आता खालीच असायचे. जिन्यात ते काकांना रोज भेटायचे. "काय काका, बरं आहे ना?" म्हणून दोन पायऱ्या अलीकडे थांबायचे. काका "बरंय, बरंय" म्हणून वर सटकायचे. दार लागल्यावर त्यांना कळायचं, की मास्तर अजून तिथेच उभे आहेत, कारण उतरणारी पावलं वाजायला वेळ लागायचा.

एका रविवारी दुपारी मास्तर वर आले. हातात एक खाकी पाकीट होतं, फाडून उघडलेलं. त्यावर भिंगच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "नग चौदा. पुरुषाचा शर्ट. कॉलर उसवलेली." खाली साक्षीदार म्हणून काकांची सही.

"तुमचा शर्ट," मास्तर म्हणाले. "बाकीच्या सामानाबरोबर परत मिळाला. कॉलर उलटवून दिलीय. जरा उशीर झाला."

काकांची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. काकांनी शर्ट हातात घेतला. बोलायला तोंड उघडलं आणि नेमका खोकला आला. असा आला की थांबेना. मास्तरांनीच टेबलावरच्या तांब्यातून पाणी ओतलं, पेला काकांच्या हातात दिला आणि पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"मास्तर," काका श्वास घेत म्हणाले, "मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी. ती सांगायला निघाली होती, मीच तिला गप्प बसवलं."

पाठीवरचा हात निघाला. मास्तरांनी पेला घेतला आणि टेबलावर होता तिथे ठेवला.

"वहिनींनी मला सांगितलंय," ते म्हणाले. "सुटलो त्याच दिवशी."

"मग तुम्ही..."

"मग काय? रोज जिन्यात थांबत होतो. म्हटलं, आज सांगतील."

 मास्तरांनी काकांच्या हातातून शर्ट घेतला, झटकला आणि पुढे धरला. "घालून बघा. बसते का कॉलर."

काकांनी शर्ट घातला. मास्तरांनी दोन बोटं कॉलरमधून फिरवली, खांद्याची शिवण चाचपली, गळ्याचं बटण स्वतः लावलं. त्यांचा चेहरा काकांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि नजर एकदाही वर आली नाही.

"बसलीय," ते म्हणाले आणि गेले.

जिन्यावरची पावलं या वेळी मध्ये कुठेही थांबली नाहीत. खालचं दार लागेपर्यंत काका ती ऐकत उभे होते. बायकोने टेबलावरचं रिकामं पाकीट उचललं, त्यावरची सही वाचली आणि ते त्यांच्यापुढे ठेवून ती आत गेली.